लोहाराचे श्रेय आकाशाला?

एरिक फॉन डेनिकेन यांच्या १९६८च्या पुस्तकावर हाराल्ड राइनल यांनी १९७० साली माहितीपट काढला आणि तो थेट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. प्राचीनांची भव्य निर्मिती परग्रहवासीयांच्या कृपेने झाली, हे त्याचे प्रतिपादन! मूळ पुस्तकात तर दिल्लीचा लोहस्तंभही अज्ञात मिश्रधातूचा ठरवला होता. वस्तुतः सहा टनांहून जड असा हा गुप्तकालीन स्तंभ भारतीय लोहारांनी तापल्या लोखंडावर घण घालून घडवला. लोखंडातील फॉस्फरसमुळे त्यावर संरक्षक थर धरतो, हे आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. असे माहितीपट पाहून अभिमानाने माना डोलावणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की पूर्वजांचे कर्तृत्व आकाशाला बहाल करणे हा त्यांचा गौरव नव्हे, अवमानच होय.