फियाटचा परकायाप्रवेश

शंकराचार्यांनी अमरु राजाच्या निष्प्राण देहात प्रवेश केला, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून, नाही तर कीर्तनात ऐकलेली असते. राजा उठून बसला, राज्यात आनंदीआनंद झाला; परंतु मंत्री मोठे चाणाक्ष. थोड्याच दिवसांत त्यांनी ओळखले की देह महाराजांचाच खरा, पण आत बिऱ्हाड कोणा निराळ्याचे आहे. मोटारींच्या जगात असला परकायाप्रवेश करणारे सिद्धपुरुष गल्लोगल्ली सापडतात. जुन्या गाडीचे थकलेले इंजिन उपसून काढायचे आणि तिच्या पोटात दुसरे तरणेबांड इंजिन बसवायचे. इथेही देह तोच राहतो. आणि इथेही शंका घेणारे मंत्री असतात. त्यांच्या कचेरीला आरटीओ म्हणतात.

हा विषय यंदा आमच्या घरात दोन-तीन महिने चालला होता. माझी थोरली बहीण पार्ल्याला राहते. तिच्या यजमानांनी मागे ठेवलेल्या चीजवस्तूंत १९६८ सालची एक फियाट आहे. ते होते तोवर गाडी दर रविवारी धुतली जायची आणि महिन्यातून एकदा तरी ठाण्यापर्यंत जाऊन यायची. ते गेल्यावर दोन वर्षे ती जिन्याखाली झाकून ठेवलेली होती. भाच्याने ती सुरू केली तेव्हा मागून असा निळसर धूर निघाला, की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. निळा धूर म्हणजे इंजिन पेट्रोलबरोबर स्वतःचे तेलही जाळते आहे. भाचा इंजिनियर. त्याने चार रात्री जागून हिशेब मांडला आणि जाहीर केले, “मामा, आता हिच्यात जिप्सीचं इंजिन टाकू या. मग बघा कशी पळते!”

त्याच्या हिशेबात अर्थ नव्हता असे नाही. आधी मूळ गाडी काय होती ते पाहावे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट तयार होई. तिच्या आधीच्या वाटोळ्या पाठीच्या गाडीला मुंबईकर प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ साली आली ती ‘डिलाइट’. पुढे तिचेच नाव प्रेसिडेंट झाले, आणि मग पद्मिनी. नावे बदलली तरी आत १०८९ घनसेंटिमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे तेच इंजिन. एका पिढीने ही गाडी मिळवण्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली. पुढच्या पिढीने ती टॅक्सी म्हणून पाहिली, आणि तीही आता दिसत नाही. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिची सद्दी संपली. राहिल्या त्या ताईसारख्यांच्या जिन्याखाली.

इकडे जिप्सीचे इंजिन १२९८ घनसेंटिमीटरचे, आणि पुढच्या काळातले, कार्ब्युरेटर जाऊन फवाऱ्याने पेट्रोल घेणारे, ते ८० अश्वशक्तीच्या घरातले. म्हणजे ताकद दुप्पट. शिवाय भाच्याने इतिहासाचा दाखला दिला, तोही खोटा नव्हता. अहो, हा परकायाप्रवेश खुद्द कारखान्यांनीच केला आहे! याच प्रीमियरने १९८५ साली ‘११८ एनई’ काढली, तेव्हा देह होता फियाट १२४ चा, म्हणजे १९६६ सालच्या इटालियन गाडीचा, आणि आत इंजिन होते जपानच्या निस्सानचे, ११७१ घनसेंटिमीटरचे. ॲम्बॅसडरलाही नव्वदीच्या दशकात इसुझूचे १८१७ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले, आणि ती म्हातारी एकदम पदर खोचून धावू लागली. कॉन्टेसाची गंमत तर दुहेरी. व्हॉक्सहॉलचा तो ऐसपैस देह आणि आत आधी ॲम्बॅसडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन. म्हणजे पैलवानाच्या अंगात शाळकरी पोराचा जीव. इसुझूचे इंजिन आत गेल्यावरच लोकांना ती गाडी वाटू लागली.

याच्या उलटा प्रयोग मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने केला. १९८५ सालच्या स्टँडर्ड २००० ला देह दिला रोव्हरचा, युरोपात १९७७ ची सर्वोत्तम मोटार म्हणून गौरवलेल्या गाडीचा; आणि आत घातले चाळिशीच्या दशकातल्या व्हॅनगार्ड गाडीच्या कुळातले इंजिन. किंमत भारी, पळणे बेताचे. तीन-चार वर्षांत तिचा खेळ आटोपला.

मात्र कारखाना इंजिन बदलतो तेव्हा त्याच्याबरोबर गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिएटर या सगळ्यांची पत्रिका जुळवून पाहतो. गॅरेजात ही पत्रिका पाहणार कोण? म्हणून आम्ही कुर्ल्याच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. गाडी जन्मली कुर्ल्यातच, तेव्हा हे तिचे माहेरच म्हणायचे. मिस्त्रींनी बोनेट उघडले, आत पाहिले आणि भाच्याला विचारले, “बेटा, इंजिन बसवणार म्हणतोस. ते उभं बसवणार की आडवं?”

हा प्रश्न दिसतो साधा, पण सगळी मेख त्यातच आहे. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवे असते आणि ते पुढची चाके फिरवते. फियाटमध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते, त्याच्यामागे गिअरबॉक्स, तिथून एक लांब दांडा गाडीखालून जातो आणि मागची चाके फिरवतो. त्यामुळे भंगारबाजारात इंजिनांचे डोंगर पडले असले तरी फियाटच्या उपयोगाची त्यातली मोजकीच. जिप्सी आणि ११८ एनई यांची इंजिने या बाबतीत तिच्या जातीची, म्हणून त्यांचीच नावे पुढे येतात.

बरे, गोत्र जुळले. मग मिस्त्री बोटे मोडत एकेक सांगू लागले. इंजिन ज्या रबरी फाउंडेशनवर बसते ती जागा बदलणार, म्हणजे चॅसीवर नवे कान वेल्ड करायचे. तेलाचे चेंबर पुढच्या आडव्या पट्टीला आपटणार, म्हणजे ते कापून दुसऱ्या आकाराचे करायचे. जुना गिअरबॉक्स दुप्पट ताकदीपुढे टिकायचा नाही, म्हणून नव्या इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स घ्यायचा. तो लांबीला वेगळा, म्हणून खालचा दांडा कापून लेथवर तोलून घ्यायचा. तोल चुकला तर साठाच्या वेगाला सगळी गाडी दातखीळ बसल्यासारखी थरथरते. मागच्या धुऱ्यातले क्राउन-पिनियन चाळीस घोड्यांच्या हिशेबाने केलेले, त्याला ऐंशी घोडे जुंपायचे. आणि त्याचे दाते असे की वेग वाढवला की इंजिनच किंचाळू लागते. म्हणजे तेही बदला. फवाऱ्याच्या इंजिनाला पेट्रोलचा दाब मोठा लागतो, तेव्हा टाकीतला पंप, नळ्या, शिवाय वायरींचे आख्खे जंजाळ आणि त्याचा विजेवर चालणारा मेंदू. जुना डायनॅमो त्याला पुरणार नाही.

“आणि ब्रेक?” मी विचारले. मिस्त्री हसले. “साहेब, ते तर सगळ्यात आधी विचारायला पाहिजे.”

मोटारीबद्दल बोलताना लोक पळण्याचेच बोलतात, थांबण्याचे कोणी बोलत नाही. फियाटच्या चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत. ताशी ६० चा वेग ८० झाला म्हणजे वेग सव्वापटीहून थोडा जास्त वाढला. पण थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी शक्ती जवळजवळ पावणेदोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती सगळी उष्णता होऊन ड्रममध्ये कोंडते. खंडाळ्याचा घाट उतरताना ड्रम तापले की पायाखाली ब्रेक आहे, पण गाडी ऐकत नाही, अशी वेळ येते. नवे इंजिन बसवून जुने ब्रेक ठेवणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही. दुसरा शब्द दिवाळी अंकात शोभत नाही. म्हणजे पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, त्यासाठी पुढची जोडणी आली. भाच्याचा कागद भरत चालला. इंजिनाची किंमत त्यात सर्वांत वर होती. बेरीज करू लागल्यावर कळले की तीच सर्वांत लहान.

आता मंत्र्यांकडे वळू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. दुसऱ्या इंधनावर चालवण्यासाठी मान्य किट बसवायला वाट ठेवली आहे. त्याच जातीचे दुसरे इंजिन असेल तर परवानगी घेऊन त्याचा क्रमांक पुस्तकात चढवता येतो. पण फियाटमध्ये जिप्सी? २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्याच्या तपशिलापासून दूर जाण्याला मनाई असल्याचे बजावले. कितीतरी हौशी लोक गुपचूप हा उद्योग करतात आणि त्यांच्या गाड्या पळतातही. पण उद्या रस्त्यावर कोणाला धक्का लागला आणि विमा कंपनीच्या माणसाने बोनेट उघडून क्रमांक ताडून पाहिला, तर भरपाई कोणाच्या खिशातून जायची, हे त्या हौशी माणसाने बायकोला आधी सांगून ठेवावे.

भाचा हार मानणारा नव्हता. तो म्हणाला, “मामा, न चालणारी गाडी ठेवून काय उपयोग? बाबांनी ती चालवायलाच घेतली होती ना!” याला उत्तर नव्हते. गाडी पन्नास वर्षांपुढची. तेव्हा २०२१ च्या नियमाप्रमाणे ती ‘विंटेज’ म्हणून नोंदवावी, असेही कोणी सुचवले. त्याला अट अशी, की देह आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि एकदा ती नोंद झाली की प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती असल्या कारणांखेरीज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे देव्हाऱ्यात बसवलेला दक्षिणावर्ती शंख. पूजा करा, फुंकू नका. भाच्याने तो मार्ग जागच्या जागी निकालात काढला, आणि मला ते पटले.

ताई इतका वेळ गप्प होती. तिने एकच विचारले, “गिअर कुठे येणार?” भाच्याने सांगितले, की जिप्सीचा गिअरबॉक्स म्हणजे दांडा खाली, दोन आसनांच्या मध्ये, जमिनीला भोक पाडावे लागेल आणि पुढची अखंड बैठक काढून दोन वेगळ्या खुर्च्या बसवाव्या लागतील. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर असतो, म्हणूनच पुढे तिघांना बसता येते, हे ज्यांनी ती वापरली त्यांना सांगायला नको. पार्ल्याहून अलिबागला, नाशिकला जाताना यजमान चालवत, ताई खिडकीशी आणि मध्ये हा चिरंजीव, दोघांच्या मांड्यांवर पाय पसरून झोपलेला. “मग नको,” ताई म्हणाली. “त्यांना जेवढ्या वेगानं पुरत होतं, तेवढ्या वेगानं तुलाही पुरेल. आणि घाईच असेल तर तुझी दुसरी गाडी आहेच की.”

मलाही तोच निर्णय योग्य वाटतो, आणि केवळ ताईच्या भावनेसाठी नव्हे. ज्याला रोज पुण्याला धावायचे आहे त्याने आजची गाडी घ्यावी. तिचे ब्रेक, तिचे दिवे, तिचे पट्टे तिच्या इंजिनाच्या मापाचे असतात. जुन्या गाडीला तेवढे पळवायला निघालो की अखेरीस नंबरपाटी आणि पत्रा एवढेच जुने उरते. फार तर निस्सानच्या इंजिनाची गोष्ट वेगळी म्हणता येईल; ते ताकदीने फियाटच्या जवळचे, आणि प्रीमियरच्याच घरचे. पण कलम ५२ त्यालाही चुकत नाही, आणि त्याचाही गिअर खालीच येतो.

तेव्हा ठरले, की जुनेच इंजिन बांधायचे. मिस्त्रींनी ते उतरवले, उघडले. सिलिंडर झिजून गोलाचे लंबगोल झाले होते. ते बोअर करून घेतले, पुढच्या मापाचे पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या, क्रँक घासून त्यावर बेअरिंगे बसवली, व्हॉल्व्ह बसते केले. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या मिस्त्रींनी न विचारताच बदलल्या. २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आहे आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, कार्ब्युरेटरमध्ये ओलही धरते. ब्रेकचे लायनर मी हट्टाने नवे घालायला लावले. खर्च झाला तो भाच्याच्या कागदावरच्या बेरजेच्या चौथ्या हिश्श्याहून कमी.

नव्याने बांधलेले इंजिन पहिले काही शे किलोमीटर दामटायचे नसते. रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना घासून बसायला वेळ द्यावा लागतो. मिस्त्रींनी ताकीद दिली आहे, ‘हजार किलोमीटरपर्यंत पन्नासच्या वर काटा गेला तर माझ्याकडे येऊ नकोस.’ ताईने माळ्यावरच्या पेटीतून यजमानांच्या हातची ‘रनिंग इन’ अशी पाटी काढून मागच्या काचेला लावायला दिली. भाचा सध्या रविवारी पहाटे ताईला शेजारी आणि आपल्या मुलीला मध्ये बसवून ठाण्याच्या बाजूला जाऊन येतो. रिक्षावाले पुढे निघून जातात, मागून मोटारसायकलवाली पोरे येतात, पाटी वाचतात, आणि सिग्नलला काचेशी वाकून विचारतात, “काका, रनिंग इन म्हणजे काय हो?”