बोअरच्या पाण्यातली बाग

जिवंत पाणवनस्पती आणि मासे एकत्र वाढवायची काचटाकी, म्हणजे प्लांटेड टँक, हा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला छंद आहे, असा समज पक्का झालेला आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात, नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या डोंगरकड्यासारख्या गावात तो तग धरणार नाही, असे सांगणाऱ्यांकडे कारणेही तयार असतात. बोअरचे पाणी जड, मे महिन्यात पारा चाळिशीपार, विजेचा भरवसा नाही. शिवाय सीओटूचा सिलिंडर, खास माती आणि बाटलीतली खते आणायची तर नांदेड गाठा, नाहीतर कुरियरची वाट पाहा. ही सगळी कारणे खरी आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. गावाकडच्या टाक्या बिघडतात त्या बहुधा भलत्याच ठिकाणच्या पाण्यासाठी लिहिलेली कृती इथल्या पाण्यावर लादल्यामुळे.

आधी पाण्याचेच पाहू. हा सगळा टापू दख्खनच्या बेसाल्टवर आहे. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात आणि त्याचा सामू साधारणपणे 7.5 ते 8.5 यांच्या दरम्यान राहतो. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तोटीवर पांढरा थर चढतो, ही या पाण्याची घरोघरी ठाऊक असलेली लक्षणे. टाक्यांवरची बहुतेक पुस्तके आणि चित्रफिती मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी गृहीत धरतात. 1990च्या दशकात जपानच्या ताकाशी अमानो यांनी जी निसर्गशैली जगभर नेली, तिच्यातली लालबुंद रोटाला आणि तळाला गालिच्यासारखे पसरणारे गवत अशाच पाण्यात खुलते. ते चित्र समोर ठेवून बोअरचे पाणी टाकीत भरले की दोन महिन्यांत झाडे खुरटतात आणि दोष पाण्याच्या माथी बसतो.

याच पाण्यात वॅलिस्नेरिया आणि हायड्रिला मात्र माजतात. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कमी पडला, तर या वनस्पती बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात. जड पाण्यात बायकार्बोनेटला तोटा नसतो, म्हणजे जिथे पाहुणी झाडे उपाशी मरतात तिथे यांचे ताट भरलेले असते. याचा पुरावा पानावरच दिसतो. भर उजेडात वॅलिस्नेरियाच्या पट्टीसारख्या पानाच्या कडेने बुडबुड्यांची बारीक माळ वर चढते आणि काही आठवड्यांनी जुन्या पानांवरून बोट फिरवले तर ती खरखरीत लागतात. पानाने कार्बन ओढून घेतल्यावर मागे उरलेला चुना तिथेच बसलेला असतो. कित्येक जण याला रोग समजून औषध ओततात. ही खरखर झाड उत्तम चालल्याची खूण आहे. या दोन्ही वनस्पती आणि त्यांच्या जोडीचे हॉर्नवर्ट महाराष्ट्रातल्या नद्या-तलावांत मूळचेच आहेत.

माशांचेही असेच आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी या पिल्ले देणाऱ्या माशांना जड पाणीच मानवते. यांतल्या गप्पीची ओळख गावाला आरोग्य खात्याने करून दिलेली आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हे मासे साठलेल्या पाण्यात आणि हौदांत सोडले जातात. पाण्याच्या हौदात वर्षानुवर्षे बिनबोभाट वाढणारा मासा काचेच्या टाकीत आठवड्यात मरत असेल, तर चूक पाण्यात शोधून सापडणार नाही.

जड पाण्यावरचा उपाय म्हणून अनेक जण वीस लिटरच्या जारचे पाणी टाकीत भरतात. जारमधल्या या आरओच्या पाण्यातले क्षार जवळजवळ संपलेले असतात. अशा पाण्यात गोगलगायींचे शंख झिजतात, कोवळी पाने कॅल्शियमविना वाकडी निघतात आणि सामूला आधार न राहिल्याने तो वर-खाली होतो. जारचे पाणी एका कामाला उत्तम, ते म्हणजे उन्हाळ्यात आटलेल्या पाण्याची भरपाई. टाकीतून वाफ होते ती नुसत्या पाण्याची. क्षार मागेच राहतात. वर पुन्हा बोअरचेच पाणी ओतत गेले तर क्षार दर आठवड्याला चढत जातात. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेले स्वच्छ पाणीही याला चालते. नळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ग्रामपंचायत त्यात टीसीएल पावडर टाकते. त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि तळातले उपयोगी जिवाणूही मारतो. बादलीत उघडे ठेवलेले पाणी साधारण दिवसभरात निवळते; घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब पुरतात.

मासे मरण्याचे खरे कारण बहुतेक वेळा अमोनिया असते, आणि ते झाकायला एक समजूत कायम हजर असते. मासा मेला म्हणजे घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. दुकानदाराला ही समजूत सोयीचीच, कारण मेलेल्या माशाची तक्रार येत नाही, उलट दुसऱ्या माशाची मागणी येते. माशाची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो आणि त्यातले निर्भार रूप विषारी. 25 अंश तापमान आणि 7 सामू असताना एकूण अमोनियातला जेमतेम 0.6 टक्के भाग विषारी असतो. पाणी 32 अंशांवर आणि सामू 8.5 वर गेला की तोच भाग 20 टक्क्यांपुढे जातो. घाण तेवढीच, पण विष सुमारे 40 पट. पुण्यात खपून जाणारी चूक डोंगरकड्यात मे महिन्यात मासे मारते, ती या हिशेबाने. त्यात झाडे दाट असतील तर दुपारी ती कार्बन ओढून सामू आणखी चढवतात, याकडे झाडांचे कैवारी सहसा लक्ष देत नाहीत.

अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत, स्पंजमध्ये आणि पानांवर वस्ती करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर झाडे लावून, चिमूटभर खाद्य टाकून टाकी नुसती चालू ठेवायची असते. प्रत्यक्षात टाकी आणि मासे एकाच दिवशी घरात येतात. पुढे दर पंधरा दिवसांनी सगळे पाणी उपसून, खडे साबणाने घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन टाकी लख्ख केली जाते आणि जिवाणूंची वस्ती दर वेळी मुळापासून उखडली जाते. स्वच्छतेच्या या हौसेइतके मासे दुसऱ्या कशाने मेले नसतील. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा, एवढे पुरते. ‘टाकी साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकर मासा तर साफसफाईच्या नावाखाली झाडेच उपटतो आणि वाढून हातभर होतो.

आता खर्चाचा आक्षेप. सीओटूच्या सिलिंडरशिवाय झाडे वाढत नाहीत, हे विधान अर्धे खरे आहे. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला एक मिलिग्रॅमहूनही कमी असतो. सिलिंडर लावणारे तो 20 ते 30 मिलिग्रॅमवर नेतात. लाल रोटाला आणि गालिचा हवा असेल तर सिलिंडरला पर्याय नाही, हे सरळ मान्य केले पाहिजे. पण क्रिप्टोकोरीन, ॲन्युबियास, जावा फर्न ही झाडे मंद उजेडात त्याच्याशिवाय चालतात आणि वॅलिस्नेरिया, हायड्रिलाला त्याची गरज नाही. सिलिंडर नसेल तर दिवाही त्याच मापाचा हवा. झगझगीत एलईडी बारा तास लावून ठेवला की झाडांना तो उजेड वापरता येत नाही. तो शेवाळ वापरते. सहा ते आठ तास मध्यम उजेड पुरे. शेवाळ आले की खत बंद करण्याची पद्धत आहे. त्याने शेवाळ हटत नाही, झाडे मात्र उपाशी राहतात आणि उरलेले मैदानही शेवाळाच्या हाती जाते.

खताच्या बाबतीत तर डोंगरकडा पुण्याच्या पुढे आहे. छंदाच्या दुकानात छोट्या बाटलीतून जे नायट्रेट विकले जाते ते मुख्यतः पोटॅशियम नायट्रेट, म्हणजेच केळीच्या ठिबकमधून सोडले जाणारे 13:0:45. फॉस्फेटची बाटली म्हणजे 0:52:34. दोन्ही गावाकडच्या कृषी सेवा केंद्रात मिळतात. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम 13:0:45 टाकले की नायट्रेट लिटरला सुमारे 6 मिलिग्रॅमने वाढते. आठवड्याला एवढी मात्रा साध्या टाकीला भरपूर झाली. शेतकरी नेमका फसतो तो पुढच्या पायरीवर. नत्र ते नत्र, असे म्हणून तो 19:19:19 किंवा युरियाचे चार दाणे टाकतो. 19:19:19 मधले बहुतेक नत्र युरिया आणि अमोनियमच्या रूपात असते आणि युरियाचाही पाण्यात अमोनियाच होतो. केळीला जे टॉनिक ते माशाला विष.

मातीचेही असेच आहे. 1999 मध्ये आलेल्या पुस्तकात अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी साध्या बागेतल्या मातीचा थर, त्यावर खड्यांचा थर आणि झाडांची दाटी एवढ्यावर टाकी चालवण्याची पद्धत मांडली. मराठवाड्याची काळी माती अन्नद्रव्ये धरून ठेवण्यात सरस आहे, पण ती भिजून फुगते आणि हलली की दिवसेंदिवस पाणी गढूळ ठेवते. म्हणून बोटभर जाडीचाच थर द्यावा आणि त्यावर दोन बोटे धुतलेली नदीची वाळू घालावी. माती बांधावरची घ्यावी, कारण वावरातल्या मातीत तणनाशकाचा आणि ताज्या खताचा अंश असू शकतो. शेणखत अजिबात नको.

क्रिप्टोकोरीन लावल्यावर आठवड्याभरात तिची पाने काचेसारखी पारदर्शक होतात, बुळबुळीत पडतात आणि देठापासून गळतात. इथे बहुतेक जण झाड मेले म्हणून उपटून टाकतात. वाळूखालची मुळे पांढरी आणि टणक असतील तर झाड जिवंत आहे. नव्या पाण्याला सरावले की तीन-चार आठवड्यांत मधून नवे पान निघते. उपटून पुन्हा लावले तर ती पुन्हा पाने गाळते.

ऊन आणि वीज हे आक्षेप सर्वांत वजनदार आहेत. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम, 35 अंशांना 7च्या आत. रात्री झाडे प्राणवायू देत नाहीत, उलट तीही घेतात. म्हणून मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते पहाटे. रात्रभर वीज नसेल तर एअर पंपही बंद. यावर यंत्र शोधण्याआधी टाकीचा आकार पाहावा. प्राणवायू पृष्ठभागातून येतो, त्यामुळे उंच टाकीपेक्षा पसरट, उथळ टाकी बरी आणि गोल भांडे सर्वांत वाईट. मासे निम्मे ठेवावेत. मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंप रात्र काढून देतो. दुपारी झाकण काढून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फाच्या पिशव्या टाकू नयेत. झटक्याने बदललेले तापमान उन्हापेक्षा जास्त त्रास देते.

खंडन फक्त निराशावाद्यांचेच करून भागणार नाही. झाडे लावली की टाकी स्वतःला सांभाळते, पाणी बदलावे लागत नाही, ही उत्साही मंडळींची बढाईही तितकीच फसवी आहे. तिचे मूळ जुने आहे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने 1850 मध्ये दोन गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया एकत्र ठेवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. झाड प्राणवायू देते, मासा कार्बन डायऑक्साइड देतो, हिशेब पूर्ण, असे त्यावरून पसरले. वॉरिंग्टनचीच पुढची नोंद मात्र सांगितली जात नाही: कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले आणि त्याला गोगलगायी सोडाव्या लागल्या. न्यूयॉर्कचे मत्स्यतज्ज्ञ जेम्स ॲट्झ यांनी 1949 मध्ये ‘संतुलित टाकी’ला उघडपणे मिथक म्हटले. मासे जगतात ते मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या वायूंच्या देवाणघेवाणीवर, असा त्यांचा मुद्दा होता. झाडे नायट्रेट आणि अमोनिया शोषतात, हा त्यांचा खरा उपकार. पण छाटणी, पाणीबदल आणि खाद्यावरचा ताबा हे सगळे माणसालाच सांभाळावे लागते.

दुर्मीळ झाडांची हौस हाही त्याच उत्साहाचा भाग. साताऱ्याच्या पठारांवरचे आणि 1982 मध्ये शास्त्रीय नोंद झालेले ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस टाकीत असावे, असे काहींना वाटते. ते पावसाळी डबक्यांत वाढते, पाणी आटले की कंदाच्या रूपात जमिनीखाली झोपते आणि फार थोड्या ठिकाणी उरले आहे. गरम, बारमाही भरलेल्या टाकीत ते कुजणार, हे आधीच ठरलेले. पठारांवरून ते उपटून आणणे हा छंद होत नाही.

हीच सावधगिरी गावातही पाळायला हवी. कंटाळा आला म्हणून सकर, गोल्डफिश किंवा लाल कानाचे कासव विहिरीत, नाल्यात किंवा कालव्यात सोडू नये. राज्यातल्या जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे सकर कुणाच्या तरी दिवाणखान्यातूनच तिथे पोहोचले आहेत. नको झालेला मासा दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या छंदिष्टाला. छाटलेली हायड्रिला कालव्यात गेली तर एवढ्याशा तुकड्यातून वाढून पाणी अडवते. ती उन्हात वाळवून केळीच्या बुंध्याशी घालावी.