मंडळाचे नाव एकदाच ठरवा

गणेशोत्सव किंवा शिवजयंती जवळ आली की कर्नाटकातल्या चिकोडी, निपाणी, सदलगा परिसरात चौकाचौकांत डिजिटल फलक लागतात. एकाच मंडळाचे नाव फलकावर 'तरूण मंडळ', पावतीपुस्तकावर 'तरुण मंडळ' आणि अहवालात 'तरुणमंडळ' असे दिसले तरी कुणाला काही वाटत नाही.

इंग्रजी लिहिणाऱ्या युवक संघटना याबाबत काटेकोर असतात. 'स्काउट' शब्दाला कॅपिटल अक्षर कुठे द्यायचे, याचेही त्यांचे नियम असतात. देवनागरीत कॅपिटल नाही, कन्नड लिपीतही नाही. तीन लिप्यांतल्या फलकावर ती सोय फक्त रोमन ओळीला असते. आपल्याकडे नावाची ओळख टिकते ती ऱ्हस्व-दीर्घावर, शब्द जोडून की तोडून लिहिले यावर आणि आद्याक्षरांच्या ठरावीक रूपावर.

ही शिस्त मराठीत उशिरा आली. दप्तराचा व्यवहार मोडीत चाले आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचे बंधन फारसे नव्हते. छापखाना आणि शाळा आल्या तसा एकसारख्या लेखनाचा प्रश्न उभा राहिला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले. पण मराठी साहित्य महामंडळाचे नियम मान्य व्हायला १९६२ साल उजाडले. १९७२मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, 'बेळगांव'चे 'बेळगाव' झाले, 'समिति'ची 'समिती' झाली.

१९६२पर्यंत चिकोडी म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) जाऊन सहा वर्षे होत आली होती. १ नोव्हेंबर १९५६नंतर महाराष्ट्र सरकारने मान्य केलेला नियम इथल्या कचेरीला लागू नव्हता. तो इथे आला वृत्तपत्रे, वाचनालये आणि शिक्षकांच्या हातून. बाबूराव ठाकूरांनी १९१९मध्ये सुरू केलेल्या बेळगावच्या 'तरुण भारत'च्या नावात 'रु' ऱ्हस्वच आहे. रोज सकाळी तो अंक वाचणाऱ्या गावांतही फलकावर मात्र 'तरूण' रंगतो!

याच भाषेसाठी १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात बेळगाव परिसरात लोकांनी गोळ्या झेलल्या. फलकावर मराठी हवी, हा आग्रह रास्तच आहे. मग ती धड लिहिलेली असावी, हा आग्रह मंडळांनी स्वतःकडे धरायला हरकत नाही. यात बोलीला नावे ठेवण्याचा प्रश्न येत नाही. कन्नडचा हेल घेतलेली चिकोडीची मराठी जशी आहे तशीच बोलावी. प्रश्न आहे तो संस्थेच्या लेखी नावाचा. नोंदणीपत्र, बँकेचे खाते आणि पावती यांवर ते वेगवेगळे असेल, तर खरे कोणते हे विचारायची पाळी दुसऱ्यावर येते.

उपाय एका पानाचा आहे. वार्षिक सभेत नावाचे मराठी, कन्नड आणि रोमन रूप ठरवावे. संक्षेपात टिंब द्यायचे की नाही, पदांची नावे कशी लिहायची, हेही त्यातच यावे. ठराव इतिवृत्तात नोंदवून त्याची प्रत डिजिटल छापणाऱ्याला द्यावी. तरुण मंडळात कार्यकर्ते टिकतात थोडी वर्षे. कुणी नोकरीला पुण्याला जातो, कुणी संसाराला लागतो. आधीच्यांना तोंडपाठ असलेले नव्यांना ठाऊक असेलच असे नाही. म्हणून हे पान दरवर्षी हिशेबाच्या वह्यांबरोबरच नव्या कार्यकारिणीच्या हवाली करावे.