संसारावर तुळशीपत्र न ठेवलेला कार्यकर्ता

सीमाभागात एखादा कार्यकर्ता गेला की शोकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘यांनी संसारावर तुळशीपत्र ठेवले.’ आमच्या गावच्या वाचनालयात नुकत्याच झालेल्या सभेतही एका वक्त्याने ते उच्चारले. आप्पांच्या बाबतीत ते साफ चुकीचे होते. पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या थोरल्या मुलीने मान हलवली, ती होकारार्थी नव्हती.

आप्पांचे नाव येथे देत नाही. वर्गणीच्या पावतीवरसुद्धा ते ‘एक वाचक’ एवढेच लिहायला लावीत. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत त्यांनी मोल्डर म्हणून हयात काढली. पहिली पाळी संपवून दुपारच्या बसने गावी यायचे, अंगावरची काळी माती धुवायची, मुलांना समोर बसवून पाढे म्हणून घ्यायचे आणि मगच वाचनालयाची किल्ली उचलायची, हा त्यांचा क्रम. वहिनींना दम्याचा त्रास. पावसाळ्यात चुलीपुढे बसणे त्यांना झेपत नसे, तेव्हा भाकऱ्या आप्पा थापीत. भाकऱ्या थापणारा पुरुष म्हणून गावाने त्यांची पुष्कळ थट्टा केली. चव्हाट्यावर बसून तंबाखू मळणाऱ्यांना ती करायला वेळही भरपूर होता!

१ जून १९८६ रोजी कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटले. गोळीबारात आपली माणसे हुतात्मा झाली. गावातले तरुण सत्याग्रहाला गेले, तुरुंगात गेले. आप्पांची धाकटी मुलगी तेव्हा बाराव्या दिवसाची होती. ते तुरुंगात गेले नाहीत. ‘घरकोंबडा’ हा शब्द त्यांना त्या दिवसांत तोंडावर ऐकवला गेला. पण ते दिवस पेरणीचे होते. तुरुंगात असलेल्यांची भातशेते तशीच पडून राहिली असती. आप्पांनी सुट्टीच्या दिवशी आणि पाळी सुटल्यावर चार बैलजोड्या गोळा केल्या आणि सहा घरांची पेरणी उरकून दिली. सत्याग्रही सुटून आले तेव्हा शेतात भात हिरवे दिसत होते. या पेरणीचा उल्लेख कोणत्याही स्मरणिकेत नाही. तुरुंगवास सांगता येतो, त्याची तारीख असते; दुसऱ्याच्या शेतात टाकलेल्या बियाण्याची कोण नोंद ठेवणार?

तुरुंगात गेलेल्यांचा त्याग मी कमी लेखत नाही. त्यांच्यामुळेच आपण ताठ मानेने मराठी बोलतो. माझे म्हणणे एवढेच की, घर वाऱ्यावर सोडणे हीच समाजसेवेची कसोटी ठरवून आपण कितीतरी भल्या माणसांना कामापासून दूर ठेवले. घर सांभाळणाऱ्याला वाटते, आपण या कामाचे नव्हे. आणि घरच्या बायकांना तर कोणी विचारतच नाही. वहिनींनी नवऱ्याच्या पगारातून वाचनालयासाठी दरमहा रुपये बाजूला काढले नसते, तर कपाटे रिकामीच राहिली असती.

आप्पांचे खरे काम मे महिन्यात चाले. शाळा सुरू होण्याआधी ते आम्हा शिक्षकांबरोबर घरोघर फिरत. घटनेच्या ३५० (अ) कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे यासाठी राज्याने झटावे असे लिहिले आहे. पण कलम काही उंबरठ्यावर येऊन बसत नाही. आप्पा बसत. ‘तुमची मुले कुठे जातात?’ असे एखाद्या पालकाने खोचकपणे विचारले, तर त्यांच्यापाशी उत्तर होते. चारही मुले गावच्या मराठी शाळेत शिकली. व्यासपीठावरून मराठीवर घसा कोरडा करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे उत्तर देता येईल? नातवंडांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवून सभेला येणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट काहींना खटकेल, तरी लिहितो. आप्पांना कन्नड उत्तम लिहिता-वाचता येई. तालुका कचेरीतले अर्ज, उतारे, रेशनकार्डाची कागदपत्रे ते लोकांना वाचून दाखवीत, भरून देत. अंत्ययात्रेला पलीकडच्या गल्लीतली कन्नड घरेही उभी होती. मराठीवरची त्यांची निष्ठा त्यामुळे तसूभरही कमी झाली नव्हती. अन्याय सक्तीचा आहे, शेजाऱ्याच्या भाषेचा नव्हे, एवढे त्यांना स्वच्छ कळत होते.

२००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याची बातमी आप्पा कात्रणे काढून ठेवीत. निकाल काही त्यांना पाहायला मिळाला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. आप्पांनी पेढा घेतला आणि आम्हाला विचारले, ‘यंदा पहिलीत किती मुले आली, गुरुजी?’ आकडा सांगायला आमची जीभ रेटली नाही.

त्यांच्या नावाने कमान उभारावी असा ठराव सभेत आला आहे. मी त्याला विरोध केला आणि समितीतही करणार आहे. तो पैसा शाळेच्या गळक्या छपराला आणि वाचनालयाच्या मासिकांना लागू द्या. मेमधल्या फेरीला कोण येणार, याची यादी वाचनालयाच्या फळ्यावर लावली आहे. आजवर तीन नावे आली आहेत. त्यातले एक आप्पांच्या मुलाचे असून, नावापुढे त्याने लिहिले आहे : पाळी सुटल्यावर, संध्याकाळी पाचनंतर.