रिपोर्टवरचा आकडा कोणत्या नकाशावरचा?

डीएनए तपासणीचे रिपोर्ट आता वस्तीतल्या घरांतही येऊ लागले आहेत. कुणाच्या लेकराला थॅलेसेमिया, कुणाकडे सिकलसेल, कुणा मावशीला स्तनाचा कर्करोग. रिपोर्टवर एक लांबलचक आकडा असतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत की घरच्यांना धसका बसतो. एक रिपोर्ट खोटा आहे की लेकराला दोन आजार आहेत? अशा वेळी आमचे पहिले सांगणे असते : आधी नकाशा विचारा.

माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. बिघाड नेमका कुठे आहे हे सांगण्यासाठी प्रयोगशाळा एक ठरलेला नकाशा वापरतात. त्याला संदर्भ जीनोम म्हणतात. २००९ साली आलेला नकाशा 'जीआरसीएच ३७' किंवा 'एचजी १९' या नावाने ओळखला जातो. २०१३ च्या डिसेंबरमध्ये सुधारलेला 'जीआरसीएच ३८', म्हणजेच 'एचजी ३८' आला. काही रिकाम्या जागा भरल्या, काही चुका दुरुस्त झाल्या आणि पुढच्या अक्षरांचे क्रमांक सरकले. वस्तीचा नवा सर्व्हे झाला की झोपडी तीच राहते, दारावरचा नंबर बदलतो, तसेच हे.

सिकलसेलचेच बघा. विदर्भात हा आजार आदिवासी बांधवांइतकाच आपल्या समाजाच्याही ओळखीचा आहे. ११ व्या गुणसूत्रावर, बीटा ग्लोबिन जनुकातले एकच अक्षर बदलल्याने तो होतो. जुन्या नकाशावर त्या अक्षराचा क्रमांक ५२,४८,२३२ आहे. नव्यावर तो ५२,२७,००२ आहे. तब्बल २१,२३० घरांचा फरक, पण अक्षर तेच आणि आजारही तोच.

जुना क्रमांक नव्यात बदलण्यासाठी 'लिफ्टओव्हर' नावाचा संगणक प्रोग्रॅम आहे. दोन्ही नकाशांचे सारखे तुकडे जुळवून तो नवा क्रमांक काढतो. बहुतेक क्रमांक नीट बदलतात. पण जिथे नकाशाच बदलला आहे तिथे काहींना जोडीदार सापडत नाही, काही तुकडे उलटे लागलेले असतात. म्हणून बदललेला आकडा तसाच न घेता तिथले अक्षर जुळते का हे तपासावे लागते.

हे काम प्रयोगशाळेचे आहे. "रुग्णाला हे कळून काय करायचे?" असे आम्हाला ऐकवले जाते. पण फाइल काखेत मारून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जातो तो रुग्णच. थॅलेसेमियाचे दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पोटातल्या बाळाची तपासणी करायची तर आईवडिलांमधला नेमका बदल माहीत असावा लागतो. जुन्या नकाशावरचा आकडा नव्यावर शोधला, तर शोध भलत्याच जागी जाईल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक डीएनए रिपोर्टवर नकाशाचे नाव ठळक छापा. नुसता आकडा नको, जनुकाचे नाव आणि बदलही लिहा. आकडा बदलून घेतला असेल तर जुनाही शेजारी द्या. आणि दोन ओळी मराठीत लिहा. शाईचा खर्च तो किती!

आयाबायांनो, तुम्हीही एवढे करा. जुना रिपोर्ट फेकू नका, नव्यासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. डॉक्टरांना न लाजता विचारा, "हा आकडा कोणत्या नकाशावरचा?" सिकलसेल कार्डावरच्या एएस किंवा एसएस या नोंदीचा मात्र नकाशाशी संबंध नाही, ती जशीच्या तशी राहते. आणि आकडे जुळत नाहीत म्हणून चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.