विश्लेषण : एअर ॲम्ब्युलन्सच्या सुरक्षेवर नजर कोणाची? सिंहस्थापूर्वी हा प्रश्न नाशिकसाठी का महत्त्वाचा?

सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी त्र्यंबकेश्वरमध्ये एखाद्या भाविकाला हृदयविकाराचा झटका आला तर? नाशिकचे मोठे रुग्णालय जेमतेम ३० किलोमीटरवर, पण रस्ता गर्दीने भरलेला. अशा वेळी हेलिकॉप्टर हाच जलद पर्याय वाटतो. मात्र जीव वाचवण्यासाठी झेपावणारे हेलिकॉप्टर स्वतः किती सुरक्षित आहे, याची तपासणी कोण करते? काही चुकले तर ते कोणाला कळवावे लागते? आणि काय कळवावेच लागत नाही?

विषय चर्चेत का?

१७ मे २०२५ रोजी ऋषिकेश एम्सची हेलि-ॲम्ब्युलन्स केदारनाथला उतरताना कोसळली. श्वासाचा त्रास होणाऱ्या रुग्णाला आणण्यासाठी ती निघाली होती. शेपटीचा भाग तुटला, पण वैमानिक, डॉक्टर आणि परिचारक असे तिघेही बचावले. या सेवेचे उद्घाटन २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे जेमतेम सात महिन्यांपूर्वी झाले होते.

त्याआधी ८ मे रोजी उत्तरकाशीतील गंगनानीजवळ यात्रेकरूंचे हेलिकॉप्टर कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. १५ जूनला पहाटे गौरीकुंडजवळ आणखी एक हेलिकॉप्टर पडले. त्यातील सात मृतांमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे दाम्पत्य आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी होती.

महाराष्ट्रालाही हे नवे नाही. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सर्व जण वाचले. २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यातील बावधनजवळ धुके असलेल्या सकाळी हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा मृत्यू झाला.

नाशिकमध्ये वेगळे काय?

वेळ आणि भूगोल. सिंहस्थाची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर २०२७ रोजी आहेत, म्हणजे ऐन पावसाळ्यात. या काळात ब्रह्मगिरीच्या माथ्यावर ढग उतरलेले असतात. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात दृश्यमानता काही मिनिटांत बदलते. हेलिकॉप्टरची गरज सर्वाधिक असेल तेव्हाच हवामान सर्वांत प्रतिकूल असण्याची शक्यता मोठी आहे.

नाशिककरांना आकाशात हेलिकॉप्टर दिसणे नवे नाही, कारण लष्कराची हवाई प्रशिक्षण संस्था गांधीनगरला आहे. पण लष्करी उड्डाणांची नियमावली आणि चौकशी स्वतंत्र असते. खासगी किंवा सरकारने भाड्याने घेतलेली नागरी हेलिकॉप्टर सेवा वेगळ्या चौकटीत येते.

ती चौकट कोणती?

भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्याने १९३४ चा विमान कायदा मोडीत काढला. प्रत्यक्ष देखरेखीच्या दोन यंत्रणा आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, कंपनीला परवाना देते, वैमानिकांचे परवाने व देखभाल तपासते आणि कारवाई करते. अपघाताची चौकशी विमान अपघात तपास विभाग, म्हणजे एएआयबी, करतो. २०१२ मध्ये तो डीजीसीएपासून वेगळा करण्यात आला. ज्याने परवाना दिला, त्यानेच चौकशी केली तर स्वतःच्या चुका कशा दिसणार, हा त्यामागचा विचार.

रुग्णालयाची जबाबदारी तिसरी. व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, डॉक्टरांचा अनुभव ही वैद्यकीय बाजू आहे. म्हणजे एकाच केबिनमध्ये यंत्र एका खात्याचे आणि रुग्ण दुसऱ्याचा.

काय कळवावे लागते?

तपास नियमांनुसार अपघात किंवा गंभीर घटना शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत कळवणे बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत अपेक्षित असतो. चौकशीचा हेतू दोषी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा असतो.

येथे एक बारकावा आहे. 'अपघात' या शब्दाची व्याख्या विमानाभोवती फिरते. मृत्यू नैसर्गिक कारणाने झाला तर तो विमान अपघात ठरत नाही. त्यामुळे वाटेत रुग्ण आजाराने दगावला, तर हवाई नोंदीत ते उड्डाण सुरळीत पार पडलेले असते. उड्डाणाला उशीर झाला होता का, हे तिथे दिसत नाही.

नोंदीतून काय निसटते?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे न झालेली उड्डाणे. खराब हवामानामुळे एका कंपनीने नकार दिला आणि नातेवाइकांनी किंवा दलालाने दुसऱ्या कंपनीला फोन केला, तर पहिल्या नकाराची माहिती दुसऱ्या वैमानिकाला मिळेलच असे नाही. जो शेवटी 'हो' म्हणतो, त्याच्याकडे सर्वांत कमी माहिती असू शकते.

अमेरिकेने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. तिथल्या अपघात तपास मंडळाने २००६ मध्ये ५५ आपत्कालीन वैद्यकीय उड्डाणांच्या अपघातांचा अभ्यास केला. त्यापैकी ३५ अपघातांत वैद्यकीय पथक होते, पण रुग्ण नव्हता. रुग्ण नसलेल्या टप्प्याला तेव्हा सैल नियम लागू होते. केदारनाथची हेलि-ॲम्ब्युलन्सही रुग्णाला आणायला जातानाच कोसळली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

२००८ हे वर्ष तिथे या सेवेसाठी सर्वाधिक जीवघेणे ठरले. त्यानंतर २०१२ च्या कायद्याने कंपन्यांना दरवर्षी आकडेवारी देणे बंधनकारक केले : किती हेलिकॉप्टर, किती उड्डाणे, किती तास, किती विनंत्या स्वीकारल्या, किती नाकारल्या, किती अपघात झाले. २०१४ च्या नियमांनी वैद्यकीय पथक असलेल्या प्रत्येक टप्प्याला कडक हवामान निकष लावले. उड्डाणापूर्वी जोखमीचे लेखी मूल्यमापन आणि डोंगर-जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे उपकरण सक्तीचे झाले. आधी दुसऱ्या कोणी नकार दिला आहे का, हे तपासणेही त्या मूल्यमापनाचा भाग आहे. दहा किंवा अधिक हेलिकॉप्टर असलेल्या कंपनीला नियंत्रण कक्ष ठेवावा लागतो.

वैमानिकावर दबाव का येतो?

'लहान मूल आहे, लवकर या' हे ऐकल्यावर नकार देणे कठीण असते. म्हणून चांगल्या सेवांमध्ये वैमानिकाला रुग्णाचे वय किंवा प्रकृती सांगितली जात नाही. त्याला फक्त ठिकाण, वजन आणि हवामान कळते. पथकातील कोणा एकाने नको म्हटले तरी उड्डाण रद्द होते आणि त्याला कारण विचारले जात नाही.

नाशिकमध्ये काय करता येईल?

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. सिंहस्थासाठी हेलिकॉप्टर सेवा घेताना निविदेतच अटी घालता येतात. प्रत्येक विनंती, प्रत्येक नकार आणि त्याचे कारण नोंदवून ते एकाच नियंत्रण कक्षात ठेवावे. त्र्यंबकेश्वरच्या बाजूला हवामान निरीक्षण केंद्र असावे. तात्पुरत्या हेलिपॅडभोवतीच्या तारांची यादी करून त्यांवर खुणा कराव्यात. निलंग्याचे कारण तेच होते आणि गंगनानीच्या प्राथमिक अहवालातही रस्त्यालगतच्या केबलला पाते लागल्याची नोंद आहे. उड्डाण रद्द झाल्यास जमिनीवरची १०८ रुग्णवाहिका आणि तिच्यासाठी मोकळी मार्गिका आधीच तयार हवी.

कुटुंबाने काय विचारावे?

घाईतही चार प्रश्न विचारता येतात. हेलिकॉप्टर चालवणारी परवानाधारक कंपनी कोणती, की समोरचा फक्त दलाल आहे? हेलिकॉप्टरचा 'व्हीटी' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक काय? सोबत डॉक्टर कोण? आणि आधी कोणी हवामानामुळे नकार दिला आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर रस्त्याने जाणे उशिराचे वाटले तरी तोच मार्ग सुरक्षित असू शकतो. अपघात झाल्यावर अहवाल येतोच. नाकारलेल्या उड्डाणांची वही मात्र अपघाताआधी वाचता येते, आणि सिंहस्थापूर्वी ती उघडणे नाशिकच्या हातात आहे.