बशीतले यश, मातीतली कसोटी

भरताच्या वांग्यांसाठी आपले जळगाव प्रसिद्ध आहे. याच वांग्याच्या मुळांत शिरून गाठी करणारी सूत्रकृमीची पिले जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतात. बशीतल्या पाण्यात निंबोळीचा अर्क घातला की त्यांची वळवळ थांबते, आणि रामबाण उपाय सापडला असे आपण म्हणू लागतो.

माझ्या मते ही घाई आहे. निपचित पडलेली सूत्रकृमी स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर पुष्कळदा पुन्हा वळवळू लागते. शिवाय तापीकाठच्या काळ्या मातीत अर्कातील द्रव्ये चिकणमातीच्या कणांना चिकटतात आणि जिवाणू त्यांचे विघटन करतात.

मग अर्क टाकाऊ का? मुळीच नाही, पण कसोटी मातीतच हवी. गाठी आढळलेल्या शेतातील माती नीट कालवून दहा कुंड्यांत भरा आणि एकाच वयाची वांग्याची रोपे लावा. पाच कुंड्यांना अर्क द्या, उरलेल्या पाचांना तेवढेच साधे पाणी. दीड महिन्याने मुळे धुऊन गाठी मोजा. साध्या पाण्याच्या कुंड्यांवाचून केलेला प्रयोग हा प्रयोगच नव्हे. त्याच्या भरवशावर दिलेल्या सल्ल्याने शेतकऱ्याचा हंगाम वाया जाऊ शकतो.